परभणी चार घरांची

परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत : परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा. एक कोरा कागद घ्यावा, घरे आखावीत आणि ही नऊ नावे शब्दकोड्यासारखी आडवी-उभी एकमेकांत गुंतवून पाहावीत. सुरुवात बरी होते. परभणीतल्या ‘र’वर जिंतूरचा शेवटचा ‘र’ बसतो. पाथरी आणि पालम दोन्ही ‘पा’पासून निघतात, म्हणून एक आडवे आणि एक उभे सहज मांडता येते. मानवत आणि सोनपेठ यांचे दुसरे अक्षर ‘न’ आहे, तिथे त्यांची गाठ पडते. पुढे मात्र घोडे अडते. पाथरीचा ‘री’ जिंतूरच्या ‘र’ला चालत नाही, मानवतचा ‘मा’ पालमच्या ‘म’ला चालत नाही. गंगाखेड, सेलू आणि पूर्णा यांचे तर बाकीच्या आठांपैकी कुणाशीही एक अक्षर जुळत नाही.

हीच नावे इंग्रजी स्पेलिंगमध्ये लिहिली की चित्र पालटते. सेलूतला ‘एल’ पालममध्ये सापडतो, ‘यू’ पूर्णा आणि जिंतूरमध्ये सापडतो, ‘ए’ तर नऊपैकी सहा नावांत आहे. एकही नाव एकटे पडत नाही.

मराठी शब्दकोड्याचे सगळे मर्म या एका खेळात आहे. इंग्रजी कोड्याच्या एका घरात एक वर्ण राहतो आणि असे वर्ण आहेत २६. मराठी कोड्याच्या एका घरात अख्खे अक्षर राहते, काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार सगळे अंगावर घेऊन. आपल्या वर्णमालेत ‘क’पासून ‘ळ’पर्यंत व्यंजने ३४. त्यांची बाराखडी मांडली की ४०८ अक्षरे होतात. स्वर वेगळे, जोडाक्षरे आणखी वेगळी. २००९ च्या शासननिर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांनाही वर्णमालेत रीतसर जागा मिळाली, त्यामुळे ‘बॅट’ आणि ‘डॉक्टर’ यांची अक्षरेही हिशेबात धरावी लागतात. २६ वर्णांत दोन शब्दांची गाठ घालणे आणि चारशेहून अधिक अक्षरांत ती घालणे यांत फार अंतर आहे. म्हणूनच मराठी कोड्यात काळी घरे जास्त दिसतात, शब्द बहुधा दोन-तीन-चार अक्षरी असतात आणि पुष्कळ अक्षरांना एकाच बाजूने शब्द लागतो. अमेरिकी वृत्तपत्रांतल्या कोड्यांत प्रत्येक वर्ण आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत यावा, असा दंडक आहे. तो दंडक मराठीवर लादला तर रोजचे कोडे निघणारच नाही. हे मराठीचे उणेपण मानायचे काही कारण नाही. तिच्या लिपीचा स्वभावच तसा आहे आणि कोडे रचणाऱ्याला तो सांभाळूनच काम करावे लागते.

हा खेळ मूळचा बाहेरचा. लिव्हरपूलहून अमेरिकेत गेलेल्या आर्थर विन या पत्रकाराने २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवारच्या पुरवणीत पहिले कोडे छापले. ते पतंगाच्या आकाराचे होते आणि त्यात काळी घरे नव्हती. १९२४ मध्ये सायमन अँड शुस्टर या नव्या प्रकाशनसंस्थेने कोड्यांचे पुस्तक काढले आणि अमेरिकेला वेड लागले. लंडनच्या ‘टाइम्स’ने १९३० मध्ये कोडे सुरू केले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आधी या वेडाची निर्भर्त्सना केली होती, पण महायुद्धाच्या धामधुमीत १९४२ साली त्यालाही कोडे छापावे लागले. त्याच वर्षी ‘डेली टेलिग्राफ’ने बारा मिनिटांत कोडे सोडवण्याची स्पर्धा घेतली आणि तिच्यात चमकलेल्यांपैकी काहींना ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांचे गुप्तसंदेश उलगडण्याच्या कामावर घेतले गेले.

चौकट बाहेरून आली, हे खरे. अक्षर मोजण्याची सवय मात्र आपल्याकडे आधीपासून होती. गंगाखेडला जन्मलेल्या संत जनाबाईंचा अभंग घ्या. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा असतो. ही अक्षरे मोजायची रीत आणि शब्दकोड्याची घरे मोजायची रीत एकच आहे. ऱ्हस्व असो की दीर्घ, जोडाक्षर असो की साधे, मोजताना एक अक्षर ते एकच. ‘पुस्तक’ तीन, ‘चंद्र’ दोन, ‘पूर्णा’ दोन. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या बायांना ही मोजणी कुणी शिकवली नव्हती, ती कानात होती. वाल्याच्या गोष्टीतही हेच आहे. तो ‘मरा मरा’ म्हणत राहिला आणि त्याचे ‘राम राम’ झाले. ‘राम’ हा शब्द अक्षरा-अक्षराने उलटा केला की ‘मरा’ होतो. रोमन लिपीत तो वर्णा-वर्णाने उलटवला तर ‘मरा’ हाती लागत नाही. कोड्यांचीही परंपरा जुनीच. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे, म्हणजे कोड्यांचे, सोळा प्रकार सांगितले आहेत आणि उखाणे, कूट अभंग, भारुडे यांत तर अर्थ लपवण्याची हौस मराठीने पुरेपूर भागवून घेतली आहे.

या निरुपद्रवी चौकटीवरून एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबई इलाख्यात बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे मोठे पेव फुटले होते. प्रवेश फी भरायची, कोडे भरून पाठवायचे आणि हजारोंच्या बक्षिसाची वाट पाहायची. या कोड्यांची सूत्रे मुद्दामच संदिग्ध असत. समजा, सूत्र आहे : ‘खरी किंमत जाणकारालाच कळते’, आणि पर्याय दोन, ‘माती’ आणि ‘मोती’. फरक एका मात्रेचा. शेतकरी ‘माती’ म्हणेल, सराफ ‘मोती’ म्हणेल आणि दोघांचेही बरोबर असेल. पण बक्षीस मिळणार ते आयोजकांनी आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तराशी ज्याचे जुळेल त्याला. अशा कोड्यात शब्दज्ञान किती आणि नशीब किती?

मुंबई सरकारने १९४८ च्या कायद्याने सोडती आणि बक्षीस-स्पर्धांवर नियंत्रण व कर बसवला. आर. एम. डी. चमारबागवाला यांची कोडी बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकात छापली जात आणि मुंबईत त्यांचा मोठा खप होता. हा कर आम्हाला लागूच होत नाही, असे म्हणत ते न्यायालयात गेले. दरम्यान काही राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून संसदेकडे कायद्याची मागणी केली आणि १९५५ चा बक्षीस-स्पर्धा कायदा आला. एका महिन्यात एकूण बक्षीस १,००० रुपयांहून अधिक नको आणि एका स्पर्धेला २,००० हून अधिक प्रवेशिका नकोत, अशी त्यात मर्यादा होती. ज्या राज्यांना हा कायदा लागू झाला त्यांत हैदराबादचेही नाव आहे. परभणी जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, मुंबई राज्यात तो आला १ नोव्हेंबर १९५६ रोजी. म्हणजे परभणीच्या माणसाला राज्य बदलूनही हा कायदा चुकला नाही.

चमारबागवाला यांनी या कायद्यालाही आव्हान दिले. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या दोन्ही प्रकरणांचे निकाल दिले. सरन्यायाधीश सुधिरंजन दास यांनी अशी कोडी म्हणजे जुगार ठरवली आणि जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार असू शकत नाही, असे सांगितले. त्यासाठी त्यांनी थेट ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्ताचा दाखला दिला. दुसऱ्या निकालात न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांनी एक रेघ आखली. ज्या स्पर्धेतले यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते ती जुगार नव्हे, १९५५ चा कायदा तिला लागूच नाही. पुढे घोड्यांच्या शर्यतीपासून ऑनलाइन रमीपर्यंत जे खटले उभे राहिले, त्यांत वकिलांनी हीच रेघ पुन्हा पुन्हा दाखवली. मुंबईत खपलेल्या शब्दकोड्याने देशाच्या कायद्याला घातलेली ही भर मला मोठी वाटते. आणि मोठ्या बक्षिसांचा बाजार उठला हेही बरेच झाले. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर उरले ते साधे कोडे. त्याला बक्षीस नसते, त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशीच्या अंकात असते आणि त्यात ‘मोती’ म्हणजे मोतीच असतो.

हे साधे कोडे परभणीसारख्या ठिकाणी एकट्याने सुटत नाही, चार जणांत सुटते. पेपर चहाच्या टपरीवर असतो, केशकर्तनालयात असतो, गावच्या वाचनालयात असतो. वाचनालयातल्या पेपरवर लिहायची मनाई असते, म्हणून काही जण चौकट वहीत उतरवून घेतात आणि काही जण सगळे कोडे डोक्यातच भरतात. टपरीवरच्या पेपरात दहा वाजेपर्यंत कुणीतरी पेन चालवलेले असते. मग दुसरा येऊन त्याने भरलेले शब्द तपासतो आणि तिथून बोलणे सुरू होते.

“गुरुजी, आडवा नऊ बघा बरं. ‘शेवट’, तीन अक्षरी.”

“समाप्त बसतं का?”

“न्हाई ना. मधलं अक्षर ‘खे’ येतंय, तिथूनच उभा ‘खेळ’ खाली उतरलाय.”

“मग ‘इतिश्री’बी गेलं.”

“अखेर!” हे उत्तर येते आडत दुकानातल्या मुनीमजींकडून. ‘महिनाअखेर’ आणि ‘मार्चअखेर’ हे शब्द त्यांच्या हाताखालून रोज जातात.

कोड्याची चर्चा रंगते ती यामुळे. एका माणसाची शब्दसंपत्ती त्याच्या धंद्याने, शाळेने, देवघराने घडलेली असते. ‘पेरणीचे अवजार, तीन अक्षरी’ म्हटल्यावर शेतकऱ्याला ‘तिफण’ आठवायला वेळ लागत नाही, शहरात वाढलेल्या त्याच्या मुलाला लागतो. कीर्तनाला नेमाने बसणाऱ्या मावशींना ‘कर’, ‘पय’, ‘नभ’, ‘खग’ हे शब्द सहज सुचतात. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेल्या पिढीतल्या वडीलधाऱ्यांना कचेरीतले शब्द पाठ असत. ‘नाजर’, ‘मुन्सफ’, ‘शिरस्ता’ असे काही आले की त्यांनाच विचारावे. ही पिढी आता जवळजवळ संपली आणि तिच्याबरोबर कोड्यातली तेवढी घरे अवघड झाली.

सोडवण्याच्या काही युक्त्या नवशिक्याला सांगण्याजोग्या आहेत. सूत्राचे व्याकरण आणि उत्तराचे व्याकरण एक असते. ‘धाव घेणे’ असे सूत्र असेल तर उत्तर ‘पळणे’ की ‘धावणे’ हे कळायच्या आधीच शेवटच्या घरात ‘णे’ लिहून टाकावे. अनेकवचनी सूत्राला एकवचनी उत्तर नसते. ‘ळ’ने मराठी शब्द सुरू होत नाही आणि ‘ण’नेही होत नाही. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या जैन लेण्यांत ऐकू येणारा ‘णमोकार’ हा प्राकृत शब्द तेवढा सोडायचा. म्हणून एखाद्या घरात ‘ण’ आला की त्यातून जाणारा दुसरा शब्द तिथून सुरू होत नाही, तिथे संपतो किंवा त्याला ओलांडून जातो.

‘परभणी’ हाच शब्द आडवा लिहून पाहू. घरे चार : प, र, भ, णी. ‘प’खाली ‘द’ आणि ‘र’ लिहिले की उभा ‘पदर’ मिळतो. ‘भ’खाली ‘ज’ आणि ‘न’ लिहिले की ‘भजन’. आता खाली पाहा. ‘पदर’चा ‘र’ आणि ‘भजन’चा ‘न’ एकाच ओळीत आले आहेत आणि त्यांच्यामध्ये एक घर रिकामे आहे. त्यात ‘त’ घातला की आडवा ‘रतन’ तयार. उरली ‘णी’. तिच्याखाली काही लावता येत नाही, ‘णी’ने सुरू होणारा शब्दच नाही. म्हणून वर जायचे. ‘णी’च्या डोक्यावर ‘पा’ ठेवला की उभे ‘पाणी’. दहा घरांत पाच शब्द बसले. आता ‘पदर’ला ‘साडीचे टोक’ हे सूत्र द्यायचे की ‘खर्च स्वतःच्या खिशातून केला की मोडतो तो’ असे काहीतरी, हा रचणाऱ्याच्या बुद्धीचा प्रश्न. चांगला रचणारा दुसऱ्या वाटेने जातो. श्लेष ही मराठीची जुनी दौलत आहे. ‘कर’ म्हणजे हात, सरकारी देणे आणि किरण. ‘वर’ म्हणजे नवरदेव, देवाचे देणे आणि माडीची दिशा. ‘तीर’ म्हणजे बाण आणि नदीचा काठ. या शब्दांना रोज तेच ते सूत्र देणे म्हणजे हाती आलेले सोने मातीत घालणे आहे.

‘परभणी’तल्या ‘णी’मुळे ऱ्हस्व-दीर्घाचा मुद्दाही निघतो आणि टपरीवर सगळ्यात जास्त भांडण याच मुद्द्यावर होते. १९६२ मध्ये शासनमान्य झालेल्या लेखननियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा. म्हणून ‘गति’ची ‘गती’ झाली. पण ‘गतिमान’मध्ये तो मधे आल्याबरोबर पुन्हा ऱ्हस्व. याचा अर्थ असा की ‘गती’चे शेवटचे घर ‘गतिमान’च्या मधल्या घराशी जुळत नाही. काही रचणारे हे काटेकोर पाळतात. काही जण ‘ति’ आणि ‘ती’ एकच धरून मोकळे होतात. सोडवणारा मात्र अर्धा तास डोके धरून बसतो, कारण आजच्या रचणाऱ्याने कोणता नियम धरला आहे हे त्याला कुणी सांगितलेले नसते. माझे मत विचाराल तर वेलांटी पाळावी. लिहिण्याची शिस्त शाळेनंतर रोज न कंटाळता शिकवणारी वर्तमानपत्रात दुसरी जागा नाही.

याहून खोल तक्रार शब्दांच्या निवडीची आहे. ‘मशागतीचे अवजार, तीन अक्षरी.’ परभणीचा माणूस ‘वखर’ लिहितो. दुसऱ्या दिवशी उत्तर छापून येते ‘कुळव’. दोन्ही शब्द तीन अक्षरी, दोन्ही अवजारे जवळपास एकाच कामाची, फक्त ‘कुळव’ पश्चिम महाराष्ट्राच्या बोलण्यातला आणि ‘वखर’ मराठवाडा-विदर्भाच्या. ‘आखाडा’ शब्दाचे सूत्र नेहमी कुस्तीचे असते. परभणी-हिंगोलीकडे शेतावरच्या वस्तीला, गुराढोरांच्या आणि गड्याच्या निवाऱ्यालाही आखाडाच म्हणतात, तो अर्थ कोड्यात येत नाही. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले आणि त्यांत ठिकठिकाणच्या बोलींतले शब्द मोठ्या कष्टाने नोंदवलेले आहेत. तो कोश मांडीवर घेऊन बसणाऱ्या रचणाऱ्याला शब्दांची ददात पडायला नको. १९९५ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली परभणीत भरले होते. ज्या गावाने भाषेचा एवढा सोहळा केला, त्याची भाषा रोजच्या दहा बाय दहाच्या चौकटीत दिसू नये, हे खटकते.

कोडे सोडवल्याने म्हातारपणी स्मृती टिकते, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. २०२२ मध्ये अमेरिकेत सौम्य विस्मरण असलेल्या १०७ जणांवर ७८ आठवडे केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात संगणकावर शब्दकोडी सोडवणाऱ्यांची कामगिरी मेंदूचे खेळ खेळणाऱ्यांपेक्षा थोडी सरस ठरली. तेवढ्यावरून कोड्याला औषध म्हणणे बरोबर नाही. सकाळी चार माणसांत बसून शब्दावरून वाद घालायला मिळतो, हे कारण मला पुरेसे वाटते. मोबाइलवर उत्तर शोधून घर भरता येते, पण मग मुनीमजींना विचारायचे कारण उरत नाही.

संपादकांना यानिमित्ताने तीन गोष्टी सांगायच्या आहेत. व्यंगचित्राखाली सही असते, लेखाखाली नाव असते, तसे कोडे रचणाऱ्याचे नावही छापावे. ते नाव बहुतेक ठिकाणी दिसत नाही. चौकटीखाली एका ओळीत सांगावे की ऱ्हस्व-दीर्घ पाळला आहे की नाही. आणि आठवड्यातून एक दिवस जिल्ह्याच्या पानावर त्या जिल्ह्याच्या बोलीतले कोडे द्यावे. ते रचणारी माणसे परभणीत, सेलूत, गंगाखेडात आहेत, त्यांना फक्त विचारायला हवे. वाचकांनीही ‘वखर’ लिहून ‘कुळव’ छापून आला की गप्प बसू नये. संपादकांना पत्र टाकावे आणि आपल्याकडचा शब्द अर्थासकट कळवावा.